अंगठा जपा

वाचकहो, तुम्ही अजून ‘आर्थिक समावेशना’त आला नसाल, म्हणजे बँकेतला व्यवहार तुम्हाला जमत नसेल, तर चूक सरकारची नाही आणि रिझर्व्ह बँकेची तर नाहीच नाही. चूक तुमच्या अंगठ्याची आहे; आधारच्या यंत्रावर तो उठत नाही. तेव्हा आजपासून अंगठा जपायला लागा.

आधी ऊसतोड सोडा. कोयत्याने रेषा झिजतात. राखेने भांडी घासू नका, विटा उचलू नका, मिरच्या खुडू नका. पैसे कमवायला हात वापरलात, तर पैसे काढायला तो उरत नाही, इतकं साधं गणित आहे. आणि म्हातारे होऊ नका. श्रावणबाळ योजनेला वय ६५ लागतं आणि यंत्राला अंगठा पंचविशीतला लागतो. दोन्हींची सोय तुम्हीच करायची आहे.

एवढं करूनही गावातल्या बँक सेवा केंद्राचा चालक म्हणालाच, “आजी, थम लागत नाही,” तर बोट केसांवर घासा. तेलाने उठतो कधीकधी. नाही उठला तर पुसून पुन्हा, मग दुसरं बोट. दहा आहेत, घाई कसली? अंगठाछाप म्हणून कोणी हिणवू नये म्हणून तुम्ही रात्रीच्या साक्षरता वर्गात कंदिलाच्या उजेडात सही शिकलात, ते छानच झालं. ती सही आता देवघरात ठेवा. इथे यंत्र तुम्हाला अंगठा दाखवतं.

बोट नसेल तर ओटीपी आहेच. तो मुलाच्या मोबाइलवर जातो. मुलगा चाकणला पहिल्या पाळीला, मोबाइल गेटवर जमा. थांबा तीनपर्यंत.

नाहीतर चेहरा दाखवा. फोन सांगेल, पापणी मिटा. ॲसिड हल्ल्यात डोळे आणि चेहरा गमावलेल्यांना तेही जमेना, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे पापणी मिटत नसेल तर रस्ता सोपा आहे: तालुक्याहून एसटी, पुढे रेल्वेने दिल्ली.

नियम मात्र चुकूनही वाचू नका, कारण ते भलतेच मायाळू आहेत. कागदपत्रं नसली तरी अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा करून ‘छोटं खातं’ उघडता येतं. केवायसीची, म्हणजे ग्राहकाच्या ओळख-पत्त्याच्या पडताळणीची, मुदत संपण्याआधी बँकेने तीनदा कळवायचं, त्यात निदान एक पत्र. कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दहा वर्षांतून एकदाच. (कमी जोखीम म्हणजे तुमच्यापासून बँकेला धोका नाही. बँकेपासून तुम्हाला किती, त्याचा तक्ता अजून कोणी केलेला नाही.) २०१४ च्या जनधन खात्यांची दहा वर्षं भरली, म्हणून २०२५ मध्ये जुलै ते सप्टेंबर ग्रामपंचायतींत शिबिरंसुद्धा झाली. तुम्ही तेव्हा शेतात होता, हा तुमचा निष्काळजीपणा.

यातलं काहीही काउंटरवर बोलू नका. “साहेब, परिपत्रकात लिहिलंय” म्हटलं की साहेब आधी चष्मा काढतात, मग सर्व्हर डाउन काढतात.

अगदीच राहवलं नाही तर तक्रार करा. आधी बँकेकडे लेखी द्या, ३० दिवस वाट बघा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२१ पासून सगळ्या देशाला एकच योजना आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्याला ओटीपी लागतो. मुलगा दुसऱ्या पाळीला असेल तर कागदावर लिहून पाठवा. पत्ता चंदीगडचा आहे.

खाली सही करा. आठवते ना अजून?