भाषण ट्रॉम्बोनला करू द्या

गेल्या वर्षी एका हुतात्मा अभिवादनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. कुठे ते सांगत नाही. गोव्यातले असाल तर असे पाच-सहा कार्यक्रम तुम्हीही पाहिले असतील, सगळे सारखेच. पेन ड्राइव्हवरून एक देशभक्तीचं गाणं लागलं. ते दुसऱ्या कडव्यावर आलं आणि पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली. सूत्रसंचालकाने साउंडवाल्याला गळ्यावरून हात फिरवून खूण केली. गाणं शब्दाच्या मध्येच तुटलं. मग पुष्पचक्र. मग दोन मिनिटं शांतता, जी मी घड्याळात पाहिली तर चाळीस सेकंदही भरली नाही. आणि मग भाषणं. साडेदहाला सुरू झाली ती बारा वाजून गेले तरी चालूच.

एका बाजूला बँड उभा होता. चांगला गणवेशातला, वीस-बावीस जणांचा. त्यांच्या वाट्याला सुरुवातीचं राष्ट्रगीत आणि शेवटचं राष्ट्रगीत. मधले दोन तास ते उन्हात उभे. माझं लक्ष सारखं ट्रॉम्बोनवाल्याकडे जात होतं. ट्रॉम्बोन म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य. त्याने एकदा नळीच्या टोकाची कळ दाबून आतलं पाणी मातीत सोडलं, रुमालाने पितळ पुसलं आणि वाद्य पुन्हा काखेत धरलं. तिकडे व्यासपीठावर कोणीतरी ‘त्यांच्या स्वप्नातला गोवा’ म्हणत होतं.

मला तेव्हा फ्रेंच संगीतकार बर्लिओझ आठवला. पॅरिसमध्ये १८३०च्या जुलै क्रांतीत जी माणसं मेली, त्यांचे अवशेष दहा वर्षांनी बॅस्टिलच्या चौकात नव्या स्तंभाखाली ठेवायचे ठरले. सरकारने बर्लिओझला संगीत रचायला सांगितलं. मिरवणूक रस्त्याने जाणार, म्हणजे व्हायोलिनचा काही उपयोग नाही, उघड्यावर तारांचा आवाज दहा पावलांत विरतो. त्याने सुमारे दोनशे वाजवणाऱ्यांचा लष्करी बँड घेतला आणि २८ जुलै १८४० रोजी हातात तलवार घेऊन तो स्वतः त्यांच्यापुढे चालला. खरं सांगायचं तर त्या दिवशी गर्दीच्या गोंगाटात लोकांना फारसं ऐकू आलं नाही. पण रचनेचा दुसरा भाग बघा. त्याचं नावच मुळी ‘अंत्यभाषण’ या अर्थाचं आहे, आणि ते भाषण करतो एक ट्रॉम्बोन. एकटा. बाकीचा बँड ऐकणाऱ्या जमावासारखा मागे. वक्त्याने जिथे श्वास घेतला असता तिथे तो श्वास घेतो, जिथे आवाज चढवला असता तिथे चढवतो, आणि एक शब्द बोलत नाही.

सरकारी कार्यक्रमात भाषण ट्रॉम्बोनला दिलं! एकशे ऐंशीहून जास्त वर्षं झाली आणि आपण अजून माइकची उंची नीट करतोय.

हे मी उगाच लिहीत नाही. आमच्या वाड्यावर शेजारी एक मेस्त्र, म्हणजे संगीत शिकवणारे गुरुजी, राहायचे. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पाठशाळेत लहानपणी सोल्फा (पाश्चात्त्य स्वरवाचन) शिकलेले, पुढे गावच्या बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलेले. मी बामणाचा मुलगा, संध्याकाळी आरती झाली की त्यांच्या बलकावात (दारापुढच्या ओसरीत) जाऊन बसायचो. थोडंफार क्लॅरिनेट मला त्यांनीच शिकवलं. फेस्ताला, लग्नाला, मरणाला तोच बँड, तीच माणसं, तेच काळे बूट. फरक फक्त चालीत. मरणाच्या मार्चला मी नेहमी पुढे पळायचो. मेस्त्र वैतागून म्हणायचे, ‘‘अरे बाबू, मड्याक घाई नासता!’’ मग पायाने ठेका धरून दाखवायचे. पाऊल टेकलं की थांबायचं, पुढचं पाऊल टाकावंसं वाटेपर्यंत. ढोलाची तार सैल सोडायची, म्हणजे खणखणीत वाजत नाही, पोटातून आल्यासारखा दबका आवाज येतो.

ते गेले तेव्हा त्यांच्या मातीला मी त्याच बँडमध्ये होतो. दुसऱ्या वळणावर माझ्या क्लॅरिनेटची रीड, तोंडाकडची पातळ पट्टी, किंचाळली. रडताना ओठ नीट राहत नाहीत, आणि ओठ नीट नसले की क्लॅरिनेट लगेच चुगली करतं. पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड केलेल्या गाण्याला हे कधी होणार नाही. वाजवणाऱ्याला शोक आवरून धरावाच लागतो, त्याशिवाय फुंकताच येत नाही, आणि ते आवरलेलं ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्याने आपल्या मेलेल्यांसाठी बँडची एक नवी रचना करवून घ्यावी. पहिली पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवी या सीमेवरच्या गावासाठी. १५ ऑगस्ट १९५५ला तिथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. माझं आजोळ पेडण्यात, त्यामुळे पत्रादेवीचं नाव घरात देवाच्या नावासारखंच घेतलं जायचं. तिथे पडलेल्यांत पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैल सिंगही होता. आता सांगा, त्याला श्रद्धांजली कुठल्या भाषेत वाहायची? मराठीत की कोकणीत, आणि कोकणी तर देवनागरीत की रोमी (रोमन) लिपीत? आमच्याकडे निमंत्रणपत्रिकेच्या भाषेवरून माणसं वर्षभर बोलत नाहीत. मी स्वतः मराठीवाला आहे, हे लिहितोय तेही मराठीत. पण या एका जागी मला शब्दच नकोत.

दिल्लीत २०२२ साली प्रजासत्ताक दिनानंतरच्या बीटिंग रिट्रीट या लष्करी बँडच्या सोहळ्यातून ‘अबाइड विथ मी’ काढलं आणि त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची धून आली, तेव्हा केवढा वाद झाला. एकाला गांधीजींची आवडती प्रार्थना गेल्याचं दुःख, दुसऱ्याला इंग्रजांचं भजन गेल्याचा आनंद. मला दोन्ही चाली आवडतात. सी. रामचंद्रांची चाल तर आपल्या घरची. पण एक आहे चर्चमध्ये म्हणायची प्रार्थना आणि दुसरं लताबाईंच्या गळ्यासाठी बांधलेलं, १९६३ साली बासष्टच्या युद्धातल्या जवानांसाठी गायलेलं गाणं. बँडने वाजवलं की दोन्हींचा अर्थ आपण मनातल्या मनात शब्द म्हणून भरून काढतो. बँडसाठीच विचार करून लिहिलेलं काय आहे, हे त्या वादात कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

तसं लिहिलेलं कसं असतं ते ऐकायचं असेल तर संगीतकार कारेल हुसाचं ‘म्युझिक फॉर प्राग १९६८’ ऐका. हुसा मूळ प्रागचा, अमेरिकेत शिकवायला होता. ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे त्याच्या गावात शिरल्याची बातमी त्याने तिकडे रेडिओवर ऐकली. त्याने हे लिहिलं ते एका कॉलेजच्या बँडसाठी. सुरुवातीला एकटी पिकोलो, म्हणजे छोटी बासरी, पक्षी बोलावा तशी. तिच्याखाली टिंपनीवर, म्हणजे सुरात लावलेल्या मोठ्या नगाऱ्यांवर, इतके हळू ठोके की आपल्याला भास वाटावा. ते ठोके म्हणजे पंधराव्या शतकातल्या हुसाइट (धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायी) लढवय्यांच्या गाण्याचे सूर. प्रागच्या माणसाने ते लगेच ओळखावेत, रणगाड्यावरच्या शिपायाला पत्ता लागू नये. मधे एक अख्खा भाग फक्त तालवाद्यांचा आहे, त्यात चाल नाहीच. ते गाणं संपूर्ण कुठेच येत नाही, पण सगळ्यांच्या तोंडी एका सुरात येतं ते शेवटी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कर्कश वाटलं आणि मी बंद केलं. तिसऱ्या वेळी पुरं ऐकलं. कम्युनिस्ट राजवट पडल्यावर १९९०मध्ये हुसाने प्रागला जाऊन ते स्वतः सादर केलं.

दुसरं उदाहरण शाळेचं. अमेरिकेतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये २० एप्रिल १९९९ला गोळीबार झाला, बारा मुलं आणि एक शिक्षक गेले. संगीतकार फ्रँक टिकेलीने त्यांच्यासाठी ‘अ‍ॅन अमेरिकन एलेजी’ लिहिलं. त्याला शाळेसाठी नवं शालागीतही करायला सांगितलं होतं, त्याने त्याचीच चाल या रचनेत आधी लपवून आणि मग उघड करून वापरली. एका ठिकाणी ट्रम्पेट रंगमंचाच्या बाहेरून वाजतो, वाजवणारा दिसत नाही. आणि वर्षभराने ते पहिल्यांदा वाजवलं त्याच शाळेच्या बँडने. त्या मुलांनी ओठ कसे आवरले असतील देव जाणे.

माझ्या एका मित्राचा आक्षेप आहे, आणि तो खोडून काढायला मला अवघड जातं. तो म्हणाला, ‘‘ज्या पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या त्यांचीच वाद्यं हुतात्म्यांच्या तोंडावर वाजवायची?’’ मी म्हटलं, क्लॅरिनेट पोर्तुगालमध्ये जन्मलं नाही. तो म्हणाला, पाठशाळा तर त्यांच्याच राजवटीतल्या. हे खरं आहे. पण त्याच पाठशाळांतून शिकलेल्या गोंयकारांनी मुंबईत जाऊन अर्ध्या हिंदी सिनेमाचं वाद्यसंगीत कागदावर उतरवलं, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. आणि पेडण्यातला ढोल-तासा, शिगम्यातलं घुमट, हे त्या रचनेत आणायला कोण नको म्हणतंय? हुसाने गावचं जुनं गाणं आणलंच की. मित्र ‘बघू’ म्हणाला. म्हणजे पटलं नाही.

मे २०२५मध्ये शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तेव्हा चौकशी समिती झाली, अहवाल झाला. आठ मिनिटं सगळ्यांनी एकत्र उभं राहून ऐकावं असं आपल्याकडे काही नव्हतं. असतं तर कोणाचं दुःख कमी झालं असतं असा माझा दावा नाही.

नुसत्या पोस्टी टाकून काय होणार, म्हणून शाळेच्या बँडला शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना फोन लावला. म्हटलं, समजा कोणी रचना लिहून दिली, तर पत्रादेवीला वाजवायला मुलं किती मिळतील? त्यांनी मोजून सांगितलं. क्लॅरिनेट अकरा, पण त्यातल्या चारांच्या कळांतून हवा गळते. ट्रम्पेट सहा. ढोल हवे तेवढे.

‘‘आणि ट्रॉम्बोन?’’

‘‘एकच आहे. यंदा तो दहावीला, आई प्रॅक्टिसला पाठवत नाही.’’