आधी लगीन निष्कर्षाचं

इतिहासाचा प्रबंध परवा द्यायचाय आणि अस्सल साधनं, म्हणजे त्या काळचे मूळ कागद, आज रात्री बघायची आहेत? मुहूर्त उत्तम आहे. पूर्वी यासाठी दप्तरखान्यात अर्ज करून धूळ खात बसावं लागे. आता जुने कागद इंटरनेटवरच चाळता येतात; फक्त निष्कर्ष आधी पक्का करा. तोच ठरला नसेल तर शोधपेटीत टाइप काय करणार?

शब्द आजचेच टाका. 1915 सालच्या वर्तमानपत्रांत 'पहिलं महायुद्ध' शोधा. फारसं काही हाती लागणार नाही. दुसरं अजून व्हायचं होतं, त्यामुळे लोक त्याला 'पहिलं' कशाला म्हणतील, असल्या शंका मनात आणू नका. बेधडक लिहा : 'तत्कालीन वृत्तपत्रांनी युद्धाकडे दुर्लक्ष केले.'

स्कॅनच्या चित्राकडे ढुंकूनही पाहू नका, यंत्राने वाचलेला मजकूर तेवढा उचला. अठराव्या शतकातल्या बऱ्याच इंग्रजी छपाईत लांब दांड्याचा 'एस' असे. यंत्र त्याला 'एफ' समजतं आणि 'बेस्ट'चं 'बेफ्ट' होतं. ध चा मा करायला पूर्वी कारस्थान लागे, आता बसल्याजागी होतो. ऑस्ट्रेलियाच्या 'ट्रोव्ह' या जुन्या वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळावर हौशी वाचक अशा चुका ओळीओळीने दुरुस्त करत बसतात. वेळ असतो एकेकाला!

तारखांचं तर सोनंच करता येतं. समजा, लंडनहून इंग्लंडातल्याच एका गावी गेलेल्या पत्रावर 20 मार्च 1710 आहे आणि त्या गावाहून आलेल्या उत्तरावर 1 एप्रिल 1711. झालं, उत्तराला वर्ष लागलं! 'अठराव्या शतकातील टपालाची दैन्यावस्था' हे प्रकरण तयार. इंग्लंडात 1751 पर्यंत नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणजे उत्तर बाराव्या दिवशीच आलं होतं, हे कुणी सांगू लागलं तर विषय बदला. (वंशावळीत ही युक्ती वापरू नका. बाळ आईबापांच्या लग्नाआधी जन्मतं आणि मार्गदर्शक विनाकारण जागे होतात.)

आकडे हवेत? लंडनच्या 'ओल्ड बेली' न्यायालयाचे 1674 ते 1913 या काळातले एक लाख 97 हजारांवर खटले घरबसल्या चाळता येतात. 'चोरी' शोधा, मोजा, आलेख काढा. हे वृत्तान्त मुळात विकण्यासाठी छापले जात, त्यामुळे सुरुवातीच्या काळात चटकदार खटल्याला पानंच्या पानं आणि कंटाळवाण्याला दोन ओळी मिळत, हे आलेखात दिसत नाही. दिसू देऊही नका.

आणि सापडलेल्या पानाच्या मागचं-पुढचं पान उघडायचं नाही. तिथे हमखास काहीतरी वेगळंच निघतं. जे पडद्यावर आलंच नाही, अजून खोक्यातच आहे, ते तर घडलंच नाही असं धरून चाला.

राहता राहिला संदर्भ. दप्तराचं नाव, पुडक्याचा क्रमांक, पृष्ठ वगैरे लिहीत बसू नका. पत्त्याच्या पट्टीतली तीन ओळींची लिंक तशीच चिकटवा. परीक्षक उघडतील तेव्हा 'आपले सत्र संपले आहे' अशी पाटी येईल. तोवर आपलंही संपलेलं असेल.