मिशी कुठे गेली? : ग्वाल्हेरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. बुधवारी सकाळी परत वाचली, आणि दुपारी प्रेसमध्ये पोहे खाताना मशीनवाल्या भैयांनाही ऐकवली. ते म्हणाले, "सही तो बोल रहे हैं, मैडम." म्हणजे सामना तुम्ही निम्मा तिथेच जिंकलात.

बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते. दर गुरुवारी इथे येणारी माझी चित्रकथा 'जिन्याखालची मंडळी' ते पहिल्या भागापासून वाचतात. सहा गुरुवार कोरे गेले. सातव्या गुरुवारी भाग येईल म्हणून उघडलं, तर काळा चौकोन आणि खाली इंटरनेटच्या कायद्यांवर लांबलचक निबंध. त्यातही 66अ कलम जिवंत असल्यासारखं लिहिलेलं, ते तर 2015 सालीच रद्द झालंय. काळे चौकोन लावणं ही अमेरिकेची नक्कल. आणि शेवटी, "इंदूरच्या एका वाड्यातल्या जिन्याखालच्या उंदराला धरायला कोण येणार आहे? आळसाला भीतीचं नाव देऊ नका. चित्र काढा."

आधी सहा गुरुवारांचा हिशोब देते. तीन गुरुवार लग्नपत्रिकांनी खाल्ले. माझं पोट उंदरावर चालत नाही काका, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'वर चालतं, आणि लग्नसराईत प्रेसमधून रात्री साडेनऊच्या आत सुटका नसते. एक गुरुवार आईच्या मोतीबिंदूचा. एक निव्वळ आळसाचा. तिथे तुमचा शब्द मान्य, खाली मान घालून मान्य. उरला एक. त्याची गोष्ट मी नीट सांगितली नव्हती, म्हणून तुम्हाला तो निबंध बहाणा वाटला असणार.

66अ बद्दलची चूक माझी. 'आहे' असं लिहिलं, तिथे 'होतं' हवं होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा, त्यात हे कलम 2008 च्या दुरुस्तीनं आलं. संगणकावरून किंवा फोनवरून कुणाला चीड येईल, गैरसोय होईल असं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. (चीड आणायची नाही तर व्यंगचित्र काढायचं कशाला, हा प्रश्न मसुदा लिहिणाऱ्याला पडला नसावा.) 2012 साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, दोघींपैकी एकीनं तर ती फक्त लाइक केली होती. त्यानंतर श्रेया सिंघल यांची याचिका, आणि 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयानं कलम रद्द केलं. इथपर्यंत तुमचं सगळं बरोबर. पण रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पोलीस ठाण्यांत पुढेही गुन्हे नोंदवले जात राहिले. 2021 च्या जुलैत हे ऐकून न्यायालय चकित झालं आणि 2022 च्या ऑक्टोबरात, या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका, असं पुन्हा बजावावं लागलं. तुमची चौतीस वर्षं सरकारी कचेरीत गेली. वरचा कागद खालच्या टेबलापर्यंत पोचायला किती काळ लागतो ते मी तुम्हाला काय सांगणार!

आता तो सहावा गुरुवार.

भाग 140 तुम्हाला आठवत असेल. वाड्याला 'जीर्ण मकान' म्हणून नोटीस लागते, उंदीर ती कुरतडतो, आणि आत्या म्हणते, "निदान तारखेचा कोपरा तरी ठेव." पुढच्या भागात वॉर्डातले साहेब स्वतः येणार होते. ते मी सोमवारी काढले. जाडसर, हातात छत्री, ओठावर झुबकेदार मिशी. मंगळवारी टॅब्लेट उघडला आणि मिशी बघून वाटलं, ही एका माणसासारखी दिसते. कोण ते सांगत नाही, पण इंदूरकरांना दिसली असती. मिशीचा लेयर बंद केला. बिनमिशीचे साहेब चष्म्यामुळे दुसऱ्याच कुणासारखे दिसायला लागले. चष्मा काढला. मग खिशावरचा बिल्ला खटकला, तोही काढला. बुधवारी रात्री एक वाजता चौकटीत फक्त एक पोट उरलं आणि एक छत्री. छत्रीनं तोंड झाकलेलं. उंदीर छत्रीकडे बघून बोलतोय आणि विनोद मेलेला. माझ्या घरी कुणी आलं नव्हतं, कुणाचा फोन नाही, नोटीस नाही. ते चित्र मीच खोडत बसले होते.

त्या रात्री भाग टाकला नाही, पुढच्या गुरुवारी काळा चौकोन टाकला. तुम्ही म्हणता तसा तो नकलीच होता, हेही कबूल. निदान चौकोनाच्या जागी ती छत्री टाकायला हवी होती.

उंदराला धरायला कोण येणार, हा तुमचा प्रश्न मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. याच शहरातल्या हेमंत मालवीय या व्यंगचित्रकारानं कोविडच्या काळात, 2021 मध्ये काढलेलं चित्र चार वर्षांनी पुन्हा फिरलं आणि 2025 च्या मे महिन्यात त्यांच्यावर इंदूरमध्ये गुन्हा दाखल झाला. 3 जुलैला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं अटकपूर्व जामीन नाकारला, 15 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं अटकेपासून अंतरिम संरक्षण दिलं. ते चित्र मला स्वतःला आवडलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयातही त्याचं कौतुक झालं नाही. पण एम. जी. रोडवरच्या त्या कोर्टावरून मी रोज स्कूटीनं प्रेसला जाते आणि त्या जुलैपासून तिथे सिग्नल लागला की माझे जुने भाग मनात उलटायला लागतात. चार वर्षांपूर्वी मी काय काय काढलंय? तुम्ही सगळे भाग वाचलेत, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

तरी अटक ही दूरची गोष्ट झाली. मला जास्त भीती मधल्या दुकानदाराची वाटते.

माझं चित्र माझ्या भिंतीवर नाही टांगलेलं, दुसऱ्याच्या दुकानात टांगलंय. कायदा त्या दुकानदाराला 'मध्यस्थ' म्हणतो. कलम 79 त्याला सांगतं, लोकांनी टांगलेल्या चित्राबद्दल तुला जबाबदार धरणार नाही, पण कळवल्यावर काढलं पाहिजेस. कळवायचं कुणी? 2011 च्या नियमांत कुणीही दुखावलेला माणूस तक्रार करू शकत होता आणि 36 तासांत हालचाल करायची होती. 2015 च्या त्याच निकालानं हे आवळलं: न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हवा. 2021 च्या मूळ नियमांत आदेशानंतर पुन्हा तेच 36 तास आले होते. आता स्वतःला दुकानदाराच्या जागी ठेवून बघा. चित्र ठेवलं तर संरक्षण जाणार, काढलं तर फार तर इंदूरची एक बाई चिडणार. जिन्याखालच्या उंदरासाठी वकील कोण लावतो?

आणि हे काही मी रात्री एक वाजता जागेपणी रचलेलं नाही. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींची 2012 च्या सप्टेंबरातली अटक सगळ्यांना आठवते, राजद्रोहाचं कलम लागलं होतं, महिन्याभरात ते मागेही घेतलं. पण त्यांची व्यंगचित्रांची वेबसाइट त्याआधीच, 2011 च्या डिसेंबरात, मुंबई पोलिसांच्या तक्रारीवरून सेवा देणाऱ्या कंपनीनं बंद केली होती. कोर्टात कुणी उभं राहण्याच्या आधी दुकान बंद! ताजं उदाहरण तमिळचं. 'आनंद विकटन' हे 1926 पासूनचं साप्ताहिक. 2025 च्या फेब्रुवारीत एका व्यंगचित्रावरून त्यांची अख्खी वेबसाइट दिसेनाशी झाली. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं, ते एक पान तात्पुरतं काढा, मग बाकीची साइट उघडा. म्हणजे एका फुटक्या अंड्यासाठी सगळं किराणा दुकान तीन आठवडे बंद.

साइट अडवण्याचं कलम वेगळं, 69अ. 2015 मध्ये न्यायालयानं ते कायम ठेवलं, कारणं लेखी नोंदवावी लागतात या भरवशावर. पण 2009 च्या नियमांतला 16 वा नियम तक्रार आणि तिच्यावरची कारवाई गुप्त ठेवायला सांगतो. कारण लिहिलेलं आहे, पण कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे नाही.

माझा एक छोटा अनुभव सांगते, मोठा करून नाही. रंगपंचमीच्या गेरवरचा, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीवरचा भाग. राजवाड्यासमोर टँकरमधून रंगाचा फवारा सुटतो, उंदीर वाहत जातो आणि थेट एका साहेबाच्या टिफिनमध्ये पडतो, एवढंच. एका प्लॅटफॉर्मवरून तो तिसऱ्या दिवशी गायब झाला. "तुमचा मजकूर आमच्या धोरणात बसत नाही" एवढी एक ओळ. कुठलं धोरण, कुणाची तक्रार, काही नाही. मी अर्ज केला, अकरा दिवसांनी भाग परत आला, तेव्हाही कारण नाही. सरकारनं काढायला लावला असं मी म्हणत नाही. मशीननं काढला असेल, कुणी गंमत म्हणून बटण दाबलं असेल. मात्र तेव्हापासून टिफिन काढताना माझा हात जरा थबकतो.

आता अमेरिकेच्या नकलेबद्दल. 18 जानेवारी 2012 ला इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास काळा होता, बऱ्याच वेबकॉमिकवाल्यांनीही पडदे ओढले होते. मी तेव्हा कॉलेजात होते, प्रोजेक्ट अडला म्हणून चिडले होते. विरोध 'सोपा' (SOPA) आणि 'पिपा' (PIPA) या दोन अमेरिकी विधेयकांना होता आणि दोन दिवसांत ती बाजूला ठेवली गेली. गंमत अशी की ती विधेयकं चोरी थांबवण्यासाठी, म्हणजे आमच्यासारख्यांची कामं वाचवण्यासाठी म्हणूनच आणली होती! आणि चोरी तर माझीही होते. आत्याचा 'निदान तारखेचा कोपरा' माझं नाव कापून, खाली गुलाब चिकटवून, 'शुभ सकाळ' लिहून मला माझ्याच मावशीनं पाठवला. राग आला. पण त्या रागासाठी कुणाची अख्खी साइट बुडवायचं हत्यार कुणाच्या हाती द्यावं असं मला वाटत नाही, कारण उद्या ते हत्यार साहेबही वापरतील, आणि माझ्याआधी वापरतील. तेवढं 2012 च्या त्या लोकांना कळलं होतं. त्यांच्याकडून घेतलं तर घेतलं.

अजून एक, तुम्ही जाता जाता टोमणा मारलात तो. उंदीर "काय भिया" म्हणतो, ही मराठी नव्हे. काका, तो इंदूरच्या रामबागेतला उंदीर आहे. सदाशिव पेठेतला असता तर मी त्याला 'अहो' शिकवलं असतं. ग्वाल्हेरच्या 'लष्कर' भागातले उंदीर काय बोलतात ते मात्र जरूर कळवा, वाड्यात एक पाहुणा आणायचा विचार चालू आहे.

भाग 141 या गुरुवारी रात्री दहाला येतोय. मिशी परत लावली आहे, थोडी बारीक करून. निबंध यापुढे चित्रकथेच्या पानावर येणार नाहीत, तुमची ती सूचना घेतली. जुने 140 भाग दोन पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलेत, एक आईच्या कपाटात आहे. आणि प्रेसच्या उरलेल्या कागदावर पहिल्या वीस भागांची पुस्तिका छापतेय, पिन मारलेली, कव्हर लग्नपत्रिकेच्या गुलाबी कार्डाचं, दुसरं शिल्लक नव्हतं. तुमच्यासाठी एक बाजूला ठेवली आहे. पत्ता इथे लिहू नका, मेलवर पाठवा.