नवऱ्यालाही तपासायला आणा
गुप्तरोगांच्या जोखमीवरच्या या लेखात अनेक जोडीदार, निरोध न वापरणं, दारू ही कारणं दिली आहेत. बरोबरच आहेत. पण क्लिनिकमध्ये येणाऱ्या कितीतरी बायकांना यातलं एकही लागू पडत नाही. मी इंदूरला समुपदेशनाचं काम करते. बाई रामबागेतल्या मराठी घरातली असो की पीथमपूरच्या कामगार वस्तीतली, तिची जोखीम बहुतेकदा तिच्या नवऱ्याकडून आलेली असते. आणि तोच तपासायला येत नाही! तिने गोळ्या पूर्ण घ्यायच्या आणि पुन्हा त्याच्याकडून तोच संसर्ग. क्लॅमिडिया, गनोरिया हे गुप्तरोग बायकांत अनेकदा लक्षणांशिवाय राहतात, गर्भनलिका खराब करतात, मग मूल होत नाही म्हणून बोल पुन्हा तिलाच.

पुरुषांचं दुसरंच. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणतात. सिफिलिसची जखम न दुखता आपोआप भरते, यांना वाटतं बरं झालं. रोग आत तसाच.

सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. १०९७ ही एड्सविषयीची हेल्पलाइनही मोफत आहे. संपादकांनी हे लेखात घालावं, आणि जोडीदाराच्या उपचारावर वेगळा परिच्छेद हवाच.