नव्वद दिवसांची खिडकी

"आपण वर्षभर परदेशात नुसतं राहूया." हे वाक्य मी एका रविवारी दुपारी बोलून गेलो आणि तेव्हापासून मला एकही रविवार मिळालेला नाही.

त्यातल्या 'नुसतं' या शब्दावर माझा फार जीव होता. सात दिवसांत नऊ शहरं, पहाटे पाचला बस, चर्चपुढे पंधरा मिनिटं आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत वीस, असल्या सहली आमच्या करून झाल्या होत्या. त्यातल्या फोटोत आमच्या मागे दिसणारं शहर नेमकं कुठलं, यावर घरात अजून दोन तट आहेत. आता तसं करायचं नव्हतं. एकेका गावात तीन-चार महिने मुक्काम ठोकायचा. आज मंगळवार की बुधवार, हेसुद्धा आठवू नये इतकं निवांत.

बायकोनं चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, पण राहू देतील का?"

"न द्यायला काय झालं? भाडं भरूनच राहणार ना?"

याला अज्ञान म्हणतात, हे शेंगेननं मला शिकवलं. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं चिमुकलं गाव. १४ जून १९८५ रोजी पाच देशांची मंडळी तिथं नदीतल्या एका बोटीवर जमली आणि आपापसातल्या सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्यानं काढून टाकायचं त्यांनी ठरवलं. आता त्या गावाच्या नावानं ओळखलं जाणारं हे शेंगेन क्षेत्र २९ देशांचं मोठं एकत्र कुटुंब झालंय. एकदा आत शिरलं की पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंत सहसा कुणी हटकत नाही. वाडा केवढा, आणि आतली दारं सताड उघडी! फक्त पाहुण्यानं कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहायचं नाही. तेही सगळ्या खोल्यांत मिळून ९०. मी आपला दर खोलीचे नव्वद धरून बसलो होतो.

"मग तीन महिने आत, तीन महिने बाहेर. सोपं आहे," मी म्हणालो.

सोपं होतंही. पण बायकोला वसंतात ग्रीस हवं होतं, मला उन्हाळ्यात स्लोव्हेनिया, आणि दोघांनाही शरदात पोर्तुगाल. मुक्कामाचे तुकडे पडले आणि 'कोणत्याही' या शब्दातली ग्यानबाची मेख वर आली. हे १८० दिवस १ जानेवारीला सुरू होत नाहीत, आपण गेलो त्या दिवशीही होत नाहीत. रोज सकाळी उठून, आजचा दिवस धरून, मागचे १८० दिवस मोजायचे. खिडकी रोज एक घर पुढे सरकते. शिवाय पोचल्याचा दिवसही धरायचा आणि निघाल्याचाही.

हे डोक्यात मावेना, म्हणून मी आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून वर्ष तयार केलं. एका दिवसाला एक सेंटिमीटर. वर्ष झालं साडेतीन मीटरच्या वर. मग पुठ्ठ्याची, १८० सेंटिमीटर लांब, सरकती खिडकी कापली. ती माझ्याहून उंच निघाली. पट्टी दिवाणखान्यात पसरली की मार्च दारात यायचा, डिसेंबर टीव्हीखाली, आणि जून कायम सोफ्याखाली.

दोघं गुडघ्यांवर बसून खिडकी सरकवायचो. १ मार्च ते २९ एप्रिल ग्रीस, झाले ६०. मग बाहेर अल्बानियात. १ जुलैला स्लोव्हेनियात आलो तर ३० जुलैला वाड्याबाहेर पडायलाच हवं, आणि मार्चचा पहिला दिवस खिडकीतून गळून परत शिरायला वाव मिळायला २८ ऑगस्ट उजाडतो. उधारी फिटावी तसा एकेक दिवस सुटा होतो. या हिशोबाचा कॅल्क्युलेटर युरोपियन युनियननं स्वतःच ठेवलाय, हे मुलीनं नंतर फोनवर सांगितलं. पण तोवर डिंक वाळला होता. केलेली पट्टी टाकवत नाही.

मधले दिवस काढायला एका मामेभावानं छातीठोक सल्ला दिला : "क्रोएशियात जा! तिथं हा हिशोबच नाही." तो जाऊन आला होता, त्या वेळी नव्हताही. १ जानेवारी २०२३ ला क्रोएशिया वाड्यात राहायला गेलं. मग मी बल्गेरिया आणि रोमानियावर पेन्सिलीनं खुणा केल्या, तर त्यांच्याही जमिनीवरच्या सीमा १ जानेवारी २०२५ ला खुल्या झालेल्या. मी बोट ठेवीन तो देश आत घेतात की काय, असं वाटायला लागलं. पासपोर्टवरचा शिक्का पुसट उमटेल, ही शेवटची आशाही गेली. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणक दिवस मोजायला लागलाय.

एकाच देशाचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसाही असतो म्हणा. पण तिथं उत्पन्नाचे पुरावे आले, आणि बऱ्याच देशांत १८३ दिवसांच्या पुढे राहिलं की करखातं आपल्याला आपलं मानतं. गावानं आपलं म्हणावं एवढीच माझी इच्छा होती. करखात्यानं नव्हे.

नव्वद दिवसांच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज मात्र खरा रंगला. जिथं सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. "आवडेल तिथं जास्त राहू" याला रकाना नाही. परत कधी येणार, कुठल्या पलंगावर झोपणार, सगळं आधी सांगायचं, आणि अर्ज मात्र निघण्याआधी सहा महिन्यांच्या आत. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, त्यात मृतदेह परत आणण्याचा खर्चही धरलेला. तो भाग बायकोनं दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. पासपोर्टची मुदत परतीनंतर तीन महिने उरायला हवी. माझी दोनच महिने उरत होती, म्हणून आधी पासपोर्ट.

शेवटी प्रवासाचा उद्देश. पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट, क्रीडा, उपचार, शिक्षण. 'नुसतं' नव्हतं. 'इतर' होतं, आणि त्यापुढे 'स्पष्ट करा'. मी अर्धा तास पेन धरून बसलो. बायकोनं पेन काढून घेतलं आणि 'पर्यटन'वर खूण केली.

पहिल्या उत्साहात मी कुंड्या आणि घराची किल्ली शेजारच्या काकूंना देऊन टाकली होती. जिन्यात भेटल्या की त्या पूर्वी "कधी निघताय?" विचारायच्या. हल्ली नुसतं "गुलाबाला कळी आलीय" एवढंच सांगतात. आमच्या गुलाबाला.

काल सगळं जुळलं. आत ९०, बाहेर बाकीचे, अर्ज भरलेला. बायकोनं हौसेनं पट्टी गुंडाळायला घेतली आणि मध्येच थांबली.

"अहो, जूनला अठ्ठावीसच दिवस कसे?"

मी वाकून पाहिलं. कागद सोफ्याच्या पायाखाली दुमडला होता आणि घडीच्या आत दोन दिवस चिकटून बसले होते. म्हणजे जुलैपासून पुढची प्रत्येक तारीख दोन घरं सरकलेली.

"तुम्ही त्या बाजूनं उचला," ती म्हणाली, "मी पट्टी ओढते."