वाचलं नाहीत तर मत तरी देऊ नका!

काल आमच्या वाचनगटाची बैठक झाली. तेव्हापासून जी तणतण सुरू झालीय ती काही केल्या थांबत नाही. आम्ही दहा जणी. त्यातल्या सात जणींनी पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि मत मात्र दहाही जणींकडे तयार!

पुस्तक होतं उर्सुला ले ग्विन यांचं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. १९६९ साली आलेली, एका बर्फाळ परग्रहावर घडणारी कादंबरी, विज्ञानकथांसाठीची ह्यूगो आणि नेब्यूला ही दोन्ही पारितोषिकं मिळालेली. ते मीच सुचवलं होतं, कारण भाचीने हातात कोंबलं आणि मी अडकले. एरवी माझा पिंड असल्या पुस्तकांचा नाही. मी गावाकडच्या कादंबऱ्यांवर वाढलेली बाई. परग्रह, यानं यांच्या वाटेला कधी गेले नाही. पहिली साठेक पानं मलाही खडे चावल्यासारखी गेली. देशांची नावं अनोळखी, महिन्यांची नावं अनोळखी, वर्ष तर चालू असेल ते कायम पहिलंच. शेवटी पेन्सिल घेतली, मागच्या कोऱ्या पानावर नावं उतरवून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला पुस्तक उघडलं ते असं उघडलं, की दोन रात्री मी खाली ठेवू शकले नाही.

आणि काल काय ऐकायला मिळालं? "नावंच तोंडात बसत नाहीत गं." "आपल्याला काय करायचंय त्या ग्रहाचं?" "पोरांसाठी ठीक आहे." एकीची खूणपट्टी चौदाव्या पानावर होती, मी स्वतः पाहिली. चौदाव्या! दहा मिनिटांत चर्चा आटोपली आणि विषय कुणाच्या तरी सुनेच्या डोहाळजेवणावर गेला.

मला राग कशाचा येतो सांगू? याच बायकांनी मागच्या वर्षी एक ग्रामीण कादंबरी किती मन लावून वाचली होती. मोट, नाडा, सोंदूर... शहरात जन्म गेलेल्या बायका, आयुष्यात मोट पाहिलेली नाही, पण दर पानाला मागचे शब्दार्थ उलटून बघत होत्या. तेव्हा कुणी म्हणालं नाही की शब्द तोंडात बसत नाहीत. उलट "काय अस्सल भाषा आहे" म्हणून माना डोलावल्या. मग इथे दहा-बारा शब्द शिकायला काय धाड भरली होती? इंग्रजीचं कारण तर सांगूच नका, दोन महिन्यांपूर्वी जाडजूड इंग्रजी कौटुंबिक कादंबरी सगळ्यांनी संपवली होती.

आणि "आपल्याला काय करायचंय" म्हणे! अहो, त्यात 'शिफग्रेथोर' नावाची एक गोष्ट आहे. म्हणजे माणसाची पत, इभ्रत, समोरच्याचा आब राखून बोलणं. तिथे एखाद्याला सरळ सल्ला दिला तर तो अपमान ठरतो. बाहेरून आलेला दूत, गेन्ली आय, याला हे उमगतच नाही. एस्त्रावेन नावाचा तिथला पंतप्रधान त्याला आडून आडून सावध करत असतो आणि हा त्यालाच दगाबाज समजतो. हे समजायला परग्रहावर जायला हवं? लग्नातला मानपान ज्या घरात पाळला जातो, विहीणबाईंना एक गोष्ट थेट न सांगता पाच वळणं घेऊन सांगावी लागते, त्या घरातल्या बाईला हे पहिल्या फटक्यात कळायला पाहिजे! मला कळलं. वाचता वाचता अंगावर काटा आला.

तिथली माणसं ना बाई ना पुरुष. २६ दिवसांच्या चक्रात थोडे दिवस 'केमर' येतो, तेव्हा कुणीही बाई होऊ शकतं, कुणीही पुरुष. एकच माणूस एका लेकराची आई आणि दुसऱ्याचा बाप. राजाला दिवस गेलेले असतात! यावर काल एकीने नाक मुरडलं. अगं, नाक मुरडण्याआधी एक वाक्य मराठीत करून तर बघ. 'एस्त्रावेन आला' म्हणू, 'आली' म्हणू, की लेकराला म्हणतो तसं 'आलं'? ले ग्विन इंग्रजीत सगळ्यांना 'तो' म्हणून गेल्या, त्यावरून त्यांच्यावर टीका झाली आणि पुढे त्यांनी स्वतःही त्यावर लिहिलं. आपल्याकडे तर साधं क्रियापदही बाई की पुरुष विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी रात्री वाचताना मनात मराठी करत होते आणि दर वाक्याला अडत होते. यावर तासभर बोलता आलं असतं. तासभर! मी कागदावर मुद्दे काढून नेले होते. तो कागद घडी न उघडता परत आणला.

आणि तो बर्फ. एस्त्रावेन त्या दूताला तुरुंगछावणीतून सोडवतो आणि दोघं बर्फावरची घसरगाडी ओढत सुमारे ८० दिवस हिमनदीवरून चालतात. खाणं मोजून, आज किती मैल झाले ते वहीत टिपून. एका छोट्या तंबूत शेगडीच्या उबेला ती दोन माणसं बसलेली असतात, आणि तिथे कुठे तो दूत पहिल्यांदा एस्त्रावेनला धड बघतो. आधीची सगळी जड पानं त्या तंबूसाठी होती. तिथवर जी पोचलीच नाही ती मला सांगते, "यात माणसंच नाहीत, नुसत्या कल्पना आहेत."

नाही आवडलं तर नाही आवडलं, माझं काही म्हणणं नाही. वाचलेल्या तिघींपैकी एकीला शेवट पटला नाही, तिच्याशी मी भांडले आणि तेवढीच पाच मिनिटं कालच्या बैठकीत जिवंत होती. पण चौदाव्या पानावर मिटून "पोरांसाठी ठीक" म्हणायचा हक्क कुणी दिला?

पुढची बैठक माझ्या घरी आहे. मी गटावर कळवून टाकलंय, पुस्तक हेच राहील, बदलणार नाही. ज्यांना वाचायचं नाही त्यांनीही यावं, चहा-पोहे सगळ्यांना आहेत. पण बोलायचं फक्त तंबूपर्यंत पोचलेल्यांनी.