गोंगाट नव्हे, जुळणी

सोनिक यूथ या अमेरिकन रॉक बँडवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘सोनिक यूथला धड वाजवता येत नव्हतं, म्हणून ते गोंगाट करायचे’ हे वाक्य खटकलं. १९८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा बँड जमला, तेव्हा त्याचे गिटारवादक थर्स्टन मूर आणि ली रानाल्डो दोघेही संगीतकार ग्लेन ब्रांकाच्या गिटारवृंदात वाजवणारे. पहिली रेकॉर्डही १९८२ मध्ये ब्रांकाच्याच ‘न्यूट्रल’ या लेबलवर निघाली. ही काय नवशिक्यांची लक्षणं?

खरी अडचण पैशांची होती. स्वस्तातल्या गिटार नेहमीच्या सुरात लावल्या की रडक्या वाजायच्या. मग गाण्यागणिक तारांची वेगळी जुळणी (ट्यूनिंग) सुरू झाली आणि तारांखाली स्क्रूड्रायव्हर नाहीतर ड्रमची काठी खुपसली जाऊ लागली. आपल्याकडे तंबोऱ्याच्या तारेखाली जव्हारीचा दोरा केसभर सरकला तरी अख्खा नाद बदलतो ना, तसलंच काहीसं. फक्त इथे दोऱ्याच्या जागी लोखंड! (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा स्पीकर फाटला असंच मला वाटलं होतं, हे कबूल.)

आणि हो, बँडमधल्या किम गॉर्डनला तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत. ती चित्रकलेतून आलेली, तिची बास गिटार आणि तो कोरडा आवाज काढून टाकला तर उरतं काय? ड्रमरांचा तर उल्लेखच नाही. आधी रिचर्ड एडसन, मग बॉब बर्ट आणि जिम स्क्लाव्हुनोस यांची ये-जा. १९८५ मध्ये स्टीव्ह शेली आला, तो २०११ मध्ये बँड थांबेपर्यंत टिकला.